कान्याबाहा शनिवारी तांबडा झाला

नळाला आधी खोकला आला, मग एक तांबडी पिंक टाकून तो गप्प झाला. आरोग्य केंद्रातली सुईण कोपरापर्यंत साबण लावून तशीच उभी.

एका कुलपावर लाखेचं सील होतं. सील शाबूत होतं.

इंजिनियर ओपियो पाण्यात बघून भांग पाडत होता.

ओढ्यात खुंट्यांना बांधलेली पोती डुलत होती, दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या गालांसारखी सैल.

टँकरची तोटी गळत होती. थेंब, थेंब, थेंब. "उद्या बदलू," चालक रोज म्हणायचा.

बेड्या घातलेल्या माणसानं पोलिसाला अदबीनं विचारलं, "आधी हात धुऊ का, सेबो? चिखल आहे."

हे सगळं एकाच शनिवारचं. यातल्या दोन गोष्टी चक्क खोटं बोलत होत्या. कोणत्या, हे कळायला पेनिनाला बुधवार उजाडला.

वरून खाली

पेनिना क्योमुहांगी ही जिल्ह्याची पर्यावरण निरीक्षक. ती मोटरसायकलवरून उतरली तेव्हा दुपार कलली होती आणि तांबडा लोंढा केव्हाच वाहून गेला होता. मागे उरला तो आरोग्य केंद्राच्या पाइपात घट्ट बसलेला गाळ. बाळंतिणींच्या खोलीत पाण्याचा थेंब नाही. आणि पावसाचा तर पत्ताच नव्हता! आभाळ कोरडं ठणठणीत, तरी ओढ्याला लोंढा?

"पाऊस नसताना डोंगर आपोआप विरघळत नाही," ती म्हणाली. "कुणीतरी विरघळवलाय."

"तेच तर दाखवायचंय तुम्हाला, न्याबो, बाईसाहेब," मुहेरेझा म्हणाला. "चला, वरून सुरुवात करू."

मुहेरेझा हमरस्ता बांधणाऱ्या कंपनीचा माणूस, पण याच गावचा. कंपनी आणि गाव यांचं काही बिनसलं की दोन्हीकडे जाऊन गोड हसायचं, ही त्याची नोकरी. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात गमबूट. त्याच्यावर रागवायचं म्हटलं तरी जमायचं नाही.

सगळ्यात वर नवा हमरस्ता. त्यासाठी डोंगर उभा कापलेला, सोललेल्या ढोपरासारखा तांबडा. कापलेल्या मातीवरचं पाणी चरांतून एका तळ्यात यायचं, तिथं गाळ खाली बसायचा, आणि मग नितळ पाणी फाटक उघडून ओढ्यात सोडायचं, असा बेत. फाटकाला कुलूप, कुलपावर खुद्द पेनिनाचं सील. तळ्याखाली कान्याबाहा ओढा खडकांवरून उड्या मारत धावतो. त्या धावत्या पाण्यात बायकांची ज्वारी भिजत घालायची जागा. त्याखाली म्हाताऱ्या वीटवाल्या न्द्यानाबोच्या मातीच्या खाचा. आणि सगळ्यात खाली आरोग्य केंद्राच्या पाइपाचं तोंड.

नियम सोपा होता. रस्त्याच्या वरचं पाणी आणि खालचं पाणी काचेच्या लांब नळीत धरायचं. खालच्या पाण्यातून नळीच्या तळाची काळी फुली दिसली नाही, की काम बंद. पण लोंढा निघून गेल्यावर नळीत धरणार काय?

तळ्याच्या काठावर कंपनीचा इंजिनियर ओपियो भेटला. कंगवा खिशात खोचत म्हणाला, "बघा! तळं काठोकाठ. तुमचं सील जसंच्या तसं. भांडं भरलेलं, झाकण बंद, मग सांडलं कुठून?"

पेनिनानं सील बोटांनी चाचपलं. लाखेवर ओरखडासुद्धा नव्हता. तळं खरंच काठोकाठ होतं, आणि इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत.

"सोमवारी परवानगीची तपासणी," ओपियो म्हणाला. "तळ्याचं पाणी नितळ असेल तरच पुढचा डोंगर कापू द्यायचा, ही तुमचीच अट. आता बोला!"

"सोमवारी बोलेन."

मुहेरेझा तिला खाली घेऊन गेला. खडकांवर कुठेच चिखल नव्हता, पण तिथं पाणी एवढं धावतं की काही थांबतच नाही. त्या पट्ट्यात गाळ धरून ठेवील असं एकच होतं, ती पोती.

"काल संध्याकाळपासून पाण्यात आहेत," तो म्हणाला. "मोडाच्या ज्वारीचा ओबुशेरा करायचाय ना बायकांना प्यायला. वरून चिखल आला असता तर पोत्यांत भरला नसता? उघडून बघा."

तिनं सैल पोत्याची गाठ सोडली. आत भिजवण्याआधी चोळलेल्या राखेनं करडी झालेली ज्वारी. तांबड्याचा कण नाही! दुसरं पोतं सोडलं, तेही तसंच.

म्हणजे चिखल पोत्यांच्या खालून आला. आणि पोत्यांच्या खाली एकच माणूस होता.

चिखलातला माणूस

न्द्यानाबो खाचेत गुडघाभर रुतून माती तुडवत होता. केस पांढरे, बाकी सगळा तांबडा. त्याच्या खाचेचा ओढ्याकडचा बांध फुटला होता.

"मुझेई, ओढा तुम्ही गढूळ केलात?"

"मी?" म्हातारा हसला. "चिखल म्हणजे माझ्या विटा. स्वतःच्या विटा कोण पाण्यात सोडतं, पोरी?"

"मग हा बांध?"

"सकाळी वरून लोंढा आला, तो घेऊन गेला."

"वरून काही आलंच नाही. वरची पोती स्वच्छ आहेत."

त्यानं मान वर करून पोत्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग मला काही सुचत नाही."

दोषी माणसानं आरडाओरडा करावा, निदान शिवी तरी द्यावी. याला नुसतं सुचत नव्हतं! तिथंच पेनिनाला खटकायला हवं होतं. पण जिल्ह्याच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता, आरोग्य केंद्राबाहेर बायका घागरी आपटत होत्या, आणि पुरावा डोळ्यांसमोर डुलत होता. तिनं आदेशावर सही केली. न्द्यानाबोला पोलीस कोठडी. गुरुवारी सुनावणी. गुन्हा सिद्ध झाला तर खाचा त्याच दिवशी बुजवायच्या. त्यासाठी डोझर द्यायला कंपनीनं लगेच तयारी दाखवली.

गाडीत बसता बसता तो पेनिनाला म्हणाला, "कच्च्या विटांवर गवत टाकायला सांग कुणाला तरी. पाऊस आला तर पुन्हा माती होईल. खाचा गेल्या तर या वयात मी दुसरं काय तुडवू?"

रविवार, नुसती बोलणी

"बशाइजा, तळ्याची राखण तुझ्याकडे. शनिवारी पहाटे फाटकाला कुणी हात लावला?"

"कुणी नाही, न्याबो. मी फाटकाला पाठ टेकून बसलो होतो."

"आणि तळ्याच्या पलीकडच्या बाजूला?"

"तिकडं कशाला बघू? मला कुलूप राखायला ठेवलंय, पाणी राखायला नाही."

"काही ऐकू आलं?"

"टँकर. जाऊन येऊन, जाऊन येऊन. रस्त्यावर धूळ बसवायला पाणी मारतात ना."

"शनिवारी काम सुरू होतं?"

"सुट्टी होती." मग घाईनं, "सुट्टीच्या दिवशी धूळ सुट्टीवर नसते, न्याबो."

*

"इंजिनियरसाहेब, शनिवारी सकाळी कुठे होता?"

"कबालेला, चर्चच्या बैठकीला. दुपारी आलो, तर तळं आरशासारखं! देवाची कृपा."

"शुक्रवारी कसं होतं?"

"थोडं... गढूळ."

"थोडं?"

"न्याबो, तुम्हाला गुन्हेगार मिळालाय. आता तळ्याला कशाला छळता?"

*

"मुहेरेझा, तुला काय वाटतं?"

"मला वाईट वाटतं. मुझेई म्हणजे घरचाच माणूस. खाचा बुजल्या तर कंपनीत काहीतरी काम बघतो त्यांच्यासाठी."

असं म्हणून त्यानं पेनिनाच्या मोटरसायकलवरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली.

न बसणारा गाळ

घरी निघताना पेनिनानं एक साधी गोष्ट केली. डोंगराच्या कापावरून तळ्याकडे येणाऱ्या चरात थोडं पाणी साचलं होतं. तिनं ते पेलाभर घेतलं आणि घरच्या खिडकीत ठेवलं.

सोमवारी पेल्यातलं पाणी तांबडं.

सोमवारची तपासणी तिनं पुढे ढकलली. ओपियो फोनवर ओरडला. तिनं फोन खिशात ठेवला आणि त्याला खिशातच ओरडू दिलं.

मंगळवारी पाणी तांबडं.

बुधवारी उठल्या उठल्या ती खिडकीशी गेली. जाड माती खाली बसली होती, पण वरचं पाणी दुधाच्या चहासारखंच! बारीक चिकणमाती अशी सहज बसत नाही, ती लोंबकळत राहते, आठवडेच्या आठवडे. मग जे पाणी शुक्रवारी गढूळ होतं, ते शनिवारी दुपारी आरसा कसं झालं?

झालंच नाही! ते पाणीच वेगळं होतं!

पेनिनाच्या हातातला पाव हातातच राहिला. जुनं पाणी काढलं आणि नवं भरलं. सील शाबूत, कारण फाटकाला हात लावायची गरजच नव्हती. पलीकडच्या काठावरून जाड पाइप टाकून एकदा हवा ओढून घेतली, की पाणी आपल्या पायांनी बाहेर जातं. मग रस्त्याच्या वरच्या बाजूचं चांगलं पाणी टँकरनं आणून ओतायचं. जाऊन येऊन, जाऊन येऊन.

पण मग पोती?

वरून तळंभर चिखल त्या पोत्यांवरून गेला, आणि पोत्यांत कण नाही? एक तर तिचा पेला खोटा होता, नाही तर पोती.

जोवानिसचा संताप

जोवानिस ओबुशेरासाठी तीन गावांत प्रसिद्ध. पेनिना पोचली तेव्हा ती अंगणात ज्वारी पसरून दुकानदाराला शिव्या घालत होती.

"मेला! दगड विकलेन मला, दगड! शनिवारी संध्याकाळी पोतं उचलायला गेले, तर एकटीनं उचललं. एकटीनं! एरवी दोघींची कंबर मोडते. चार दिवस पानांत गुंडाळून ठेवलंय, मोड बघ, उपाशी उंदराच्या शेपट्या!"

पेनिनानं दाणे हातात घेतले आणि तिला एकदम तिची आई दिसली. आई पोतं कधी गळ्यापर्यंत भरायची नाही. रात्रभर पाण्यात राहिलं की दाणा फुगायचा, आणि सकाळी पोतं असं टच्च व्हायचं, की गाठ सोडायला दात लावावे लागायचे.

शनिवारी दुपारी तिनं गाठ दोन बोटांनी सोडली होती! पोती सैल होती. रात्रभर भिजलेलं पोतं सैल असूच शकत नाही.

"न्याबो, ही ज्वारी तुमचीच कशावरून?"

"पोतं माझं आहे की!"

"पोतं तुमचं. ज्वारी?"

जोवानिसनं एक दाणा उचलला, उजेडात धरला, तोंडात टाकला, थुंकला. मग तिचा चेहरा असा काही झाला की कोंबड्या बाजूला सरकल्या.

"कुणाचीय ही?" तिनं हळू विचारलं.

"ते उद्या विचारू," पेनिना म्हणाली. "तुमची ज्वारी कुठे गेली, ते आज शोधायचंय."

भिजून दुप्पट जड झालेली, चिखलानं माखलेली सगळ्या बायकांची ज्वारी. ओढ्यात सोडली तर खाली पाइपाच्या तोंडाशी दाणे सापडले असते. डोक्यावरून नेली तर अख्ख्या गावानं विचारलं असतं. ती टँकरमधूनच गेली. आणि टँकर उभा राहतो कंपनीच्या कुंपणात, जिथं साहेबांच्या हुकमाशिवाय पेनिनाला पाऊल टाकता येत नव्हतं.

गुरुवार

सुनावणी ओढ्याकाठीच भरली. न्द्यानाबोच्या खाचेच्या तोंडाशी डोझर उभा, इंजिन सुरू. चालक सिगारेट ओढत वाट बघतोय. जिल्ह्याचे साहेब खुर्चीत. गाव उभं. न्द्यानाबो दोन पोलिसांच्या मध्ये, हात स्वच्छ धुतलेले.

"निरीक्षकबाई, आदेश तुमचाच आहे," साहेब म्हणाले. "आटपा लवकर."

"आदेश माझा आहे आणि तो चुकलेला आहे," पेनिना म्हणाली.

डोझरवाल्याची सिगारेट थांबली.

तिनं पेला टेबलावर ठेवला. चार दिवसांचं पाणी, अजून तांबडं. शेजारी तळ्यातलं पाणी भरलेली नळी ठेवली, तळाची काळी फुली लख्ख दिसणारी. "साहेब, एकाच डोंगराची माती. ही बसत नाही आणि ती रातोरात बसली? तळ्याचं पाणी बदललंय."

"कल्पना आहे नुसती!" ओपियो उठला.

"मग कंपनीच्या कुंपणात चला. टँकरमागे बायकांची ज्वारी सापडेल."

"तुम्ही पाहिलीत?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"आणि नाही सापडली तर?"

पेनिनानं डोझरकडे पाहिलं, मग न्द्यानाबोकडे. "तर खाचा बुजवा आणि माझी नोकरीही त्यातच टाका."

साहेब उठले. सगळं गाव चढाला लागलं, पोलीस, न्द्यानाबो, कडेवरची पोरं, सगळे! मुहेरेझा पुढे पळाला. "मी फाटक उघडतो, साहेब."

"तू इथंच चाल, माझ्या बाजूनं," पेनिना म्हणाली.

टँकरमागे उपसलेल्या मातीचा ढीग होता. तांबडा, उजाड, गवताचं पातंही नसलेला. काही नव्हतं! ओपियोनं हसायला तोंड उघडलं.

टप. टँकरच्या तोटीतून थेंब पडला. टप. पाण्याची बारीक रेघ ढिगाच्या मागे वळली होती. पेनिना त्या रेघेमागून धावली. तिथं तांबड्या मातीतून हिरवेगार कोंब उभे होते. दाट, एकावर एक, पोतं उपडं केल्यासारखे, बोटाएवढे उंच ज्वारीचे कोंब!

"पक्ष्यांनी टाकले असतील दाणे," ओपियो म्हणाला.

"पोतं घेऊन उडणारा पक्षी कुठला रे, सेबो?" जोवानिस ओरडली. "आम्हाला पण दाखव!"

गाव हसलं. तिनं गुडघे टेकले, मूठभर कोंब उपटले आणि साहेबांच्या नाकाखाली धरले. दाण्याला खाली राखेचा करडा थर, त्यावर तांबड्या गाळाचा. "राख मी लावली. गाळ कुणी लावला?"

आता कुणी हसत नव्हतं.

"ज्यानं पोती बदलली," पेनिना म्हणाली, "त्याला राख लावायची असते, हे माहीत होतं. म्हणजे तो इंजिनियर ओपियो नव्हे. ते उत्तरेकडचे, तिकडे ओबुशेरा होत नाही. पोती कुठं असतात हेही त्यांना ठाऊक नाही. बशाइजा दर आठवड्याला बायकोची भिजलेली पोती घरी नेतो. सैल पोतं त्यानं कधीच बांधून ठेवलं नसतं. हे केलं ते ओबुशेरा जन्मभर प्यायलेल्या, पण एकदाही न केलेल्या माणसानं. त्यानं पोती धुतली, कोरड्या ज्वारीला राख चोळली, पाण्यात बांधली, आणि दुपारी मला हाताला धरून तिथं नेलं. मी विचारलंही नव्हतं. 'उघडून बघा,' असं तूच म्हणालास, मुहेरेझा."

मुहेरेझा हसला. सवयीनं. मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मागचा माणूस निघून गेला.

"मला सांगितलं होतं," तो म्हणाला, "'सोमवारी तळं नितळ हवं, कसं ते मला सांगू नकोस.'"

"कुणी?" साहेब म्हणाले.

त्यानं ओपियोकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती, बाकी सगळे पाहत होते. टँकरचा चालक आपणहून पुढे आला आणि टोपी काढून म्हणाला, "पाइप माझ्या गाडीतच आहे, साहेब. पाणी रस्त्याच्या वरून आणलं. मला वाटलं, मासे सोडणार आहेत तळ्यात."

"मुझेई," मुहेरेझा न्द्यानाबोला म्हणाला, "तुमचं मी बघणार होतो. रस्त्यावर काम देणार होतो, खरंच."

पोलीस बेड्या काढत होता, त्याला सोपं जावं म्हणून न्द्यानाबोनं मनगटं थोडी वर धरली.

"घरी येऊन लोटा लोटा प्यायलास," जोवानिस मुहेरेझाला म्हणाली, "कधीतरी चुलीपाशी बसून बघितलं असतंस तर आज पकडला नसतास, गाढवा."

पेनिनानं तिथंच, टँकरच्या चाकावर कागद ठेवून, नवा आदेश लिहिला. दुप्पट मोठं तळं होईपर्यंत रस्त्याचं काम बंद. आरोग्य केंद्राचा पाइप कंपनीनं साफ करायचा, आजच्या आज. जुना आदेश तिनं फाडला. खाली ओढ्याकाठी डोझरचं इंजिन थांबलं, आणि ते थांबल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की इतका वेळ ते सुरूच होतं.

न्द्यानाबो उतारावरून एकटाच निघाला. पेनिना त्याच्या मागे धावली. "मुझेई, मी..."

"विटांवर गवत टाकलं होतंस का?" त्यानं विचारलं.

"मीच टाकलं. सोमवारी."

"मग ठीक," तो म्हणाला आणि खाचेत उतरला.

मुहेरेझा जन्मला त्या दिवशी त्याच्या आईला बाळंतपणासाठी डोलीत घालून डोंगर उतरवणाऱ्या चौघांत न्द्यानाबो होता, पुढच्या दांडीला, उजवीकडे.